एकशेवीस गुणांची वाटणी

टायरच्या दुकानात त्यांना सगळे ग्रॅमकाका म्हणत. एकोणसाठ वर्षांचा माणूस, अंगाने काटकुळा, पण बोलणं सगळं ग्रॅममध्ये. चहा गोड झाला तर ‘पाच ग्रॅम जास्त पडली’, पंक्चरवाल्याने नवा चष्मा आणला तर ‘डाव्या कानाला दोन ग्रॅम जड दिसतोय’, मालक सकाळी सकाळीच उखडलेले असले तर ‘आज तीस ग्रॅमने बिनसलंय’. एकतीस वर्षं चाकांचं बॅलन्सिंग केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? चाक यंत्रावर चढवायचं, झाकण पाडायचं. चाक गरगर फिरतं, थांबतं, आणि पडद्यावर दोन आकडे येतात: आतल्या बाजूला इतके ग्रॅम कमी, बाहेरच्या बाजूला इतके. मग दिवा लागेपर्यंत चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि दिवा लागेल तिथे रिमवर तेवढं शिशाचं वजन ठोकायचं. पुन्हा फिरवून बघायचं. दोन्हीकडे शून्य आलं की चाक खाली.

या माणसाने आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान बाळगला. एक, शून्य आल्याशिवाय कधी चाक उतरवलं नाही. दुसरी, आपल्या दोन मुलांत कधी डावं-उजवं केलं नाही. वह्या दोघांना एकाच दिवशी, बूट दोघांना एकाच दिवशी. थोरलीला ताप आला तर धाकट्यालाही शाळेला सुट्टी, नाहीतर त्याला वाटायचं आपल्यावर अन्याय झाला. बायको कपाळाला हात लावायची, पण ग्रॅमकाका ऐकतील तर शपथ.

तर बुधवारी दुपारी, दुकानाच्या मागे टायरच्या चळतीवर बसून ते डबा खात होते, तेव्हा थोरलीचा फोन आला.

‘बाबा, जेवलात?’

‘जेवतोय. बोल.’

‘रविवारचं सांगायला फोन केला. सलग तीन रविवार दरवाजा पडलाय आपला. चौथ्यांदा पडला तर मी सोडणार. नंतर म्हणू नका, बोलली नव्हती.’

हा दरवाजा एका खेळातला होता. खेळ कॉम्प्युटरवरचा. राजे, राक्षस, जादूगार, डोंगरातला किल्ला, असला सगळा मामला. तिघांची तुकडी करायची आणि किल्ल्याचा दरवाजा अर्धा तास राखायचा. थोरली त्यात तिरंदाज होती, धाकटा जादूगार, आणि ग्रॅमकाकांकडे होती एक दांडगी लढवय्यी बाई. खांद्यावर घण, मनगटं खांबासारखी, नाव धिप्पाड. दर रविवारी दुपारी चारला तिघं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसत. थोरली दोन तासांवरच्या शहरात, एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. धाकटा फार लांब, आपल्या दुपारी त्याची सकाळ असते, तिथे तो शीतगृहांची यंत्रं बसवायचा.

आणि या खेळाबाहेर ही सख्खी भावंडं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. होत आली की दोन वर्षं. फोन नाही, निरोप नाही, एकाचा विषय काढला की दुसऱ्याला लगेच काम आठवायचं. खेळात मात्र बोलावंच लागे. ‘डावीकडून येतायत.’ ‘बघितलं.’ ‘आग टाक.’ ‘टाकली.’ बस, एवढंच. पण ग्रॅमकाका तेवढ्यावर आठवडा काढत. सोमवारी चाक फिरवताना ते मनातल्या मनात ‘बघितलं’ आणि ‘टाकली’ पुन्हा ऐकत. थोरलीने खेळ सोडला की हेही संपणार आणि ही दोघं एकमेकांना कायमची परकी होणार. त्यांचा तोंडातला घास तोंडातच राहिला.

‘आपण हरतो कशामुळे गं?’ त्यांनी विचारलं.

‘धिप्पाडमुळे.’

‘माझ्यामुळे म्हण ना सरळ.’

‘तुमच्या वाटणीमुळे,’ थोरली म्हणाली.

आता ही वाटणी काय ते सांगायला हवं. खेळात जिंकत गेलं की आपला लढवय्या पायऱ्या चढतो, आणि दर पायरीला चार गुण मिळतात. ते गुण कुठे टाकायचे ते आपण ठरवायचं. रकाने पाच: ताकद, चिवटपणा, चपळाई, बुद्धी, नशीब. एकदा टाकलेला गुण परत काढता येत नाही. एवढंच गणित. पण याच गणितात भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं.

धिप्पाड मुळात ग्रॅमकाकांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची. बायको चौदा महिने अंथरुणाला खिळली होती. थोरलीने नोकरी सोडली आणि माहेरी येऊन राहिली. आईचा वेळ जाईना, म्हणून तिने हा खेळ आईला शिकवला. मांडीवर उशी, उशीवर कॉम्प्युटर. धाकट्यालाही लांबून ओढून घेतलं. बाईला स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं, पण खेळात तिच्या हातात घण आला की समोरच्याची खैर नसायची. हसायची तर अशी की शेजारचे खिडकीतून डोकवायचे. मिळालेले गुण तिने ताकद आणि चिवटपणा यांतच ओतले. नशिबात एकही नाही. ‘बघितलंय माझं नशीब,’ ती म्हणायची, ‘तिथे काही टाकायची नाही मी.’ आणि ताकद एवढी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली होती, ‘इथे दिवसभर तुम्ही सगळे मला उचलता. तिथे मी उचलणार.’

ती गेल्यावर दोन रविवार कुणी खेळलं नाही. तिसऱ्या रविवारी ग्रॅमकाका तिच्या जागी बसले. पडद्यावर तिचे आकडे होते: ताकद चोवीस, चिवटपणा वीस, चपळाई चार, बुद्धी शून्य, नशीब शून्य. यंत्रावर शून्य आलं की ज्याचा जीव गार होतो, त्या माणसाला ती दोन शून्यं खुपली. नशीब शून्य. हे असं राहू द्यायचं नाही, त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून मिळेल तो प्रत्येक गुण त्यांनी जिथे कमी होतं तिथे टाकला. अठरा पायऱ्या चढले, बहात्तर गुण वाटले, आणि गेल्या महिन्यात पाचही आकडे चोवीसवर आले. त्या दिवशी त्यांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कुणालाच कळलं नाही कशाबद्दल ते.

पण लढवय्या म्हणजे काही चाक नव्हे. बुद्धी चोवीस घेऊन बाई दरवाजात उभी राहिली तर राक्षस काय तिच्याशी चर्चा करायला थांबणार आहेत? तिसाव्या पायरीचे राक्षस यायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत तिला भुईसपाट करून आत शिरायचे. तीन रविवार हेच चाललं होतं.

‘माझ्याकडे एक काढा आहे,’ थोरली फोनवर म्हणाली. ‘खेळातला, जादूचा. तो प्यायला की वाटलेले सगळे गुण परत हातात येतात. मग पुन्हा पहिल्यापासून वाटायचे. तुकडीला एकदाच मिळतो. तुम्हाला पाठवते. रविवारी चारच्या आत पक्कं करा.’

‘कसे वाटू?’

‘कसेही वाटा. फक्त सारखे वाटू नका. तुम्हाला सारखं वाटायची फार हौस. त्या दिवशीही वाटलंतच की.’

‘कुठल्या दिवशी?’

‘काही नाही. जेवा तुम्ही.’ आणि तिने फोन ठेवला.

ग्रॅमकाका जेवले नाहीत. उठले, डबा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. कुठल्या दिवशी? हा भुंगा जो डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर निघेना.

घरी गेल्या गेल्या, चपला काढायच्या आधी त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि धिप्पाडला काढा पाजला. पाचही रकान्यांत शून्य आलं. कोपऱ्यात एकशेवीसचा आकडा उभा राहिला. आणि धिप्पाडच्या खांद्यावरचा घण खाली आला. ताकद शून्य, तर उचलणार कशाने? ती बाई घणाचा दांडा धरून, खांदे पाडून, मान खाली घालून नुसती उभी. ग्रॅमकाकांना ते बघवेना. ते स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. ती तशीच उभी. त्यांनी ताकदीत दहा गुण टाकून पाहिले. पक्कं करेपर्यंत काढघाल करता येते, एवढी सोय होती. घण जरासा हलला. त्यांनी ते दहा परत काढून घेतले. चिवटपणात वीस टाकले. काढले. चपळाईत टाकले, तर ती बाई उगीच एका पायावरून दुसऱ्या पायावर करायला लागली, अगदी त्यांच्यासारखी. तेही काढले. कॉम्प्युटर बंद करवेना, चालू ठेवून बघवेना. शेवटी त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला.

गुरुवारी सकाळी, कामावर निघताना, धाकट्याचा फोन आला. त्याला काढ्याचं कळलं होतं. तुकडीत कुणी काय प्यायलं ते सगळ्यांना दिसतं.

‘बाबा, डोकं लावू नका फार. सगळे चिवटपणात टाका. एकशेवीसच्या एकशेवीस.’

‘सगळे?’

‘तुम्ही दारात उभं राहायचं आणि मार खायचा. बाकीचं मी लांबून बघतो.’

‘मार मी खायचा आणि बघायचं तू,’ ग्रॅमकाका म्हणाले.

धाकटा हसला. त्याचं हसणं थेट आईचं होतं, आणि त्या हसण्यापुढे ग्रॅमकाकांचं कधी काही चाललं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, ‘तुझं आणि ताईचं नक्की काय बिनसलंय रे?’

‘मला काय माहीत? ती बोलत नाही म्हणून मी बोलत नाही. तिलाच विचारा.’ आणि वर म्हणाला, ‘मी काही केलेलं नाही, बाबा.’

हे वाक्यही ग्रॅमकाका कामावर घेऊन गेले. आता डोक्यात दोन भुंगे झाले. त्या दिवशी त्यांचं हातावर लक्ष नव्हतं. हातोडी यंत्रावर विसरले आणि ती शोधत दुकानभर फिरले. मालकांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे एकदा ‘ओ’ दिली. शिशाच्या वजनांच्या खोक्याच्या झाकणावर त्यांनी पेन्सिलीने पाच रकाने पाडले होते. एक चाक झालं की आकडे लिहायचे, दुसरं झालं की खोडायचे. संध्याकाळपर्यंत झाकण काळं झालं.

शुक्रवारी पंक्चरवाल्याने ते झाकण पाहिलं. हा पंधरा वर्षांपासूनचा शेजारी. पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणं आणि लोकांच्या गोष्टींत नाक खुपसणं ही त्याची दोन कामं.

‘काय चाललंय हे, ग्रॅमकाका? दोन दिवस झाले, पायात खडे शिरल्यासारखे फिरताय.’

ग्रॅमकाकांनी त्याला थोडक्यात सांगितलं.

‘मग टाका की सगळीकडे सारखे. कुणी भांडायला नको. माझं ऐका, चाकांनाही तसंच करा. चारी बाजूंनी दहा-दहा ग्रॅम ठोकून मोकळे व्हा, यंत्राची कटकट कशाला?’

‘अक्कल गहाण टाकलीस का?’ ग्रॅमकाका खेकसले. ‘चारी बाजूंनी सारखं ठोकलं तर खोट आहे तिथेच राहील. उलट चाक नुसतं जड होईल. ज्या बाजूला...’

ते तिथेच थांबले. हातात हातोडी तशीच वर. पंक्चरवाला वाट बघून कंटाळला आणि ट्यूबकडे वळला. आणि ग्रॅमकाकांना तो दिवस आठवला.

बायको जाऊन तीन दिवस झाले होते. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं. धाकटा त्यांच्या शेजारी बसला होता. तो शेवटच्या नऊ दिवसांसाठी आला होता, त्याआधी येणं जमलं नव्हतं. थोरली चहाच्या कपांचा ट्रे घेऊन दारात आली, आणि बायकोचे मामा म्हणाले, ‘पोरीने आईचं फार केलं हो. चौदा महिने. असं कुणी करत नाही.’ धाकट्याची मान खाली गेली. ग्रॅमकाकांना ती खाली गेलेली मान दिसली, फक्त तेवढीच दिसली. एक बाजू हलकी पडतेय म्हणताना त्यांचा हात सवयीने तिकडे गेला. भरल्या घरात ते म्हणाले, ‘दोघांनीही केलं. दोन्ही मुलांनी तिचं अगदी सारखंच केलं.’

थोरलीने सगळ्यांना चहा दिला, ट्रे घेऊन आत गेली, आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. एवढे कप तरी कुठे होते?

दोन वर्षं ग्रॅमकाका समजत होते की भांडण भावंडांचं आहे. भांडण त्यांनी लावलेलं होतं, एका वाक्यात, प्रेमाने. त्यांना इतकी लाज वाटली की ते हवा भरायच्या पंपामागे जाऊन उभे राहिले आणि मालकांनी शोधलं तेव्हाच बाहेर आले.

आता ‘त्या दिवशी’चा भुंगा गेला, पण त्याच्या जागी दगड आला. खरं बोलायचं म्हटलं तर धाकट्यासमोर बोलायला हवं. थोरलीच्या कानात एकटीला सांगून काय उपयोग, ते वाक्य काय कानात सांगितलेलं होतं? आणि धाकट्यासमोर बोललं तर तो दुखावणार. लांबच्या मुलाला बापाने तोडून टाकलं, असं त्याला वाटलं तर तो परत यायचा कुठल्या रस्त्याने? न बोलावं तर थोरली चालली. हे काही चाक नव्हतं, की चुकलं तर वजन काढून पुन्हा ठोकता येईल.

शनिवारी एक टॅक्सीवाला तणतणत आला. गुरुवारीच त्याने चारही चाकं बॅलन्स करून नेली होती.

‘काका, स्टिअरिंग नाचतंय. ऐंशीच्या वर गेलो की दात वाजतात. हे काय केलंत?’

एकतीस वर्षांत असं कुणी त्यांना ऐकवलं नव्हतं. पंक्चरवाल्याने टपातून मान वर केली. ग्रॅमकाकांनी पुढचं डावं चाक काढलं आणि रिमवरून बोट फिरवलं. एका जागी लांबट, स्वच्छ ठसा होता. बाकी सगळीकडे ब्रेकची काळी धूळ आणि तेवढीच जागा लखलखीत. तिथलं जुनं वजन उडून गेलं होतं. मागच्या कुणीतरी, कधीतरी लावलेलं वजन. या कामातला पहिला धडाच असा, की यंत्रावर चाक चढवायच्या आधी चिमट्याने सगळी जुनी वजनं उपटून काढायची, चाक नागवं करायचं, आणि मग फिरवायचं. जुन्यावर नवं लावलं तरी यंत्र शून्य दाखवतं. पण जुनं कधी सुटेल त्याचा नेम नसतो. गुरुवारी ग्रॅमकाका दोन भुंगे डोक्यात घेऊन काम करत होते, आणि जुनं काढायला विसरले होते.

‘माझी चूक आहे,’ ते म्हणाले. टॅक्सीवाला भांडायच्या तयारीने आला होता, त्याने बाकड्यावर बसकण मारली. त्यांनी चारही चाकं काढली, सगळं जुनं शिसं उपटलं आणि पुन्हा पहिल्यापासून काम केलं. शेवटचं चाक उतरवलं तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

रविवारी ते सकाळपासून येरझारा घालत होते. खोली ती केवढी, सात पावलांत भिंत. तीनला त्यांनी पडद्यावरचा टॉवेल काढला. धिप्पाड मान खाली घालून उभीच. झाकणावर दोन दिवस खोडाखोड करून जे जमलं नव्हतं ते आता सरळ हातातून आलं. बायकोचे आकडे त्यांना पाठ होते: चोवीस, वीस, चार, शून्य, शून्य. अठ्ठेचाळीस गुणांची ती वाटणी एकशेवीस गुणांना किती होते? अडीचपट. ताकद साठ. चिवटपणा पन्नास. चपळाई दहा. बुद्धी शून्य, नशीब शून्य. एकशेवीस बरोबर संपले. पडद्यावर घण सर्रकन खांद्यावर गेला आणि बाईची मान वर आली. ग्रॅमकाकांना भडभडून आलं. तिच्या वाटणीत काही कमी नव्हतंच. त्यांनीच दोन वर्षं तिची ताकद सोडून बाकी सगळं भरत बसून तिला दुबळी केली होती.

फक्त ‘पक्कं’ हे बटण दाबायचं राहिलं होतं. चारला सहा मिनिटं कमी असताना थोरलीच्या नावापुढे हिरवा दिवा लागला, मग धाकट्याच्या.

‘केलंत का बाबा?’ थोरलीने विचारलं.

‘करतो. त्याआधी एक जुनं वजन काढायचं आहे.’ त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ‘तुमची आई गेली तेव्हा तिच्या मामांसमोर मी म्हणालो होतो, दोन्ही मुलांनी सारखंच केलं. ते खोटं होतं. चौदा महिने ताईने केलं. नोकरी सोडून केलं. तू नऊ दिवस होतास, बाळा. मी तुझी मान खाली जाऊ नये म्हणून बोललो, आणि हिने केलेलं सगळं अर्धं करून टाकलं. मला हे तेव्हाच, सगळ्यांदेखत सुधारायला हवं होतं. आता तुम्ही दोघंच आहात, तर दोघांसमोर सांगतोय.’

धाकट्याचा हिरवा दिवा विझला.

ग्रॅमकाका त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. थोरलीचा श्वास ऐकू येत होता.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘राहू दे आजचं. दोघांना दरवाजा राखता येत नाही.’

‘येऊ दे त्यांना,’ ग्रॅमकाका म्हणाले आणि बटण दाबलं.

चार वाजले. नगारा झाला. राक्षस आले ते लोंढ्याने आले. धिप्पाडने पहिला घण असा घातला की पुढचे चार एकदम उताणे. थोरलीच्या तोंडून ‘अगं आई’ निघून गेलं, आणि दोघंही क्षणभर घुटमळली, कारण असा घण त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता. मग मात्र दम घ्यायला वेळ नव्हता. थोरली बाण सोडत होती, ग्रॅमकाकांची बोटं दुखायला लागली होती. आठव्या मिनिटाला हिरवा दिवा लागला. जादूगार दरवाजाच्या आत येऊन उभा राहिला. आग टाकेना, काही करेना.

‘ताई,’ धाकटा म्हणाला. दोन वर्षांत त्याने तिला या नावाने हाक मारली नव्हती. ‘ताई, तू झोपायचीस कधी?’

‘काय?’

‘त्या चौदा महिन्यांत. तू झोपायचीस कधी? मी रविवारी चारला यायचो, आई हसत असायची. मला वाटायचं, बरं चाललंय सगळं.’

तिरंदाजाचे बाण थांबले.

‘तिने हसावं म्हणून साडेतीनला दुखण्याचं औषध द्यायचे मी,’ थोरली म्हणाली. ‘दुपारी दोनचं औषध रविवारी दीड तास उशिरा द्यायचो, म्हणजे चारला त्याचा जोर असायचा. दोन ते साडेतीन ती दात आवळून पडलेली असायची. तिनेच ठरवलं होतं तसं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाली होती.’

ग्रॅमकाकांना हे माहीत नव्हतं. तेव्हा औषधांच्या खर्चासाठी ते रविवारीही दुपारचे दुकानात असायचे.

‘मला कुणी सांगितलं नाही,’ धाकटा म्हणाला.

‘तू विचारलं नाहीस.’

‘नाही विचारलं,’ धाकटा म्हणाला. ‘घाबरायचो मी, ताई. विचारलं तर यावं लागेल म्हणून घाबरायचो.’ आणि तो रडायला लागला, इतका मोठा मुलगा, सकाळी सकाळी.

मग थोरली बोलायला लागली. आधी रागाने, तोडून तोडून, मग सलग. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला कसं उठावं लागे. एकदा उठायला उशीर झाला आणि आईने हाकही मारली नाही, सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. आधीच्या चष्म्याच्या दुकानाने वाट बघून शेवटी तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवली तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन कशी रडली. धाकटा मधेमधे विचारत होता, आणि ती सांगत होती. तिरंदाज आणि जादूगार दरवाजाच्या आत नुसते समोरासमोर उभे होते, आणि बाहेरचा सगळा लोंढा एकट्या धिप्पाडवर आला.

ग्रॅमकाकांना डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं की दरवाजा पडला की खेळ संपतो, आणि खेळ संपला की दोघं हेडफोन काढून ठेवतात, दर रविवारी तसंच होत आलंय. तेव्हा दरवाजा पडता कामा नये. ते घण घालत राहिले. नशीब शून्य होतं, बुद्धी शून्य होती, पण साठ ताकदीची आणि पन्नास चिवटपणाची ती बाई उंबरठ्यावरून पाऊलभर मागे सरकली नाही. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. कानात थोरली आईचं काहीतरी सांगत होती आणि धाकटा रडता रडता हसला.

सव्वीस मिनिटं झाली तेव्हा धिप्पाड गुडघ्यावर आली, आणि मग दरवाजा पडला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘पराभव’ आलं. ग्रॅमकाकांनी हात मांडीवर ठेवले. बोटं आखडली होती. आता दोन दिवे विझतील म्हणून ते वाट बघत राहिले.

‘पडला गं दरवाजा,’ शेवटी तेच अपराध्यासारखे म्हणाले. ‘चार मिनिटं कमी पडली.’

‘बाबा, जरा गप्प बसा ना,’ थोरली म्हणाली. ‘आम्ही बोलतोय.’

ग्रॅमकाका गप्प बसले.